डाव्या बाहीचं माप

पुणे, १० मार्च २०२५

श्रीमती शालूबाई यांस, नमस्कार.

मी दिपा. पत्ता अजून तोच असेल असं धरून लिहिते आहे. हे पत्र कामाचं आहे, तेवढंच समजावं.

मी इथे एका संग्रहालयात जुन्या कापडांची दुरुस्ती करते. आमच्याकडे एक झगा आला आहे, साधारण एकशे नव्वद वर्षांपूर्वीचा. हिंगोलीच्या छावणीत राहणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या बायकोचा. 'तू हिंगोलीकडची,' असं म्हणून इथल्या लोकांनी तो माझ्या गळ्यात मारला. त्याच्या बाह्या खांद्यापासून कोपरापर्यंत इतक्या रुंद आहेत की एकेकीत घागर मावेल, आणि मनगटाशी एकदम घट्ट. तेव्हा विलायतेत तीच फॅशन होती. पण नुसतं कापड असं फुगून राहत नाही. त्या बायका बाहीच्या आत दंडाला गिरद्या बांधायच्या, पिसं भरलेल्या, फितीने खांद्याच्या शिवणीला अडकवलेल्या. वरून कुणाला दिसायच्या नाहीत. झग्यासोबतच्या यादीत बाहीच्या गिरद्यांची एक जोडी नोंदवलेली आहे, पेटीत मात्र ती नाही. बाह्या पुतळ्यावर ओल्या टॉवेलसारख्या लोंबतात. ऑगस्टमध्ये प्रदर्शन आहे.

इथले सगळे विलायती पुस्तकांतली चित्रं बघून डोकं खाजवत आहेत. मी चित्र बघितलं आणि गप्प बसले. अशी गिरदी मी वयाच्या अकराव्या वर्षापासून बाविसाव्यापर्यंत रोज बांधली आहे. घालायची कशी ते मला ठाऊक आहे. शिवायची कशी ते तुम्हालाच ठाऊक आहे.

कापड कोणतं, भरायचं काय, टाके कसे, हे लिहून कळवावं. फोन करू नये. आवाज ऐकला तर मी काय बोलेन याचा माझा मलाच भरवसा नाही.

दिपा


आखाडा बाळापूर, १९ मार्च

चि. दिपास अनेक आशीर्वाद.

नऊ वर्षांनी पत्र आलं आणि त्यात सख्ख्या आईला 'तुम्ही' केलंस. पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या पोलक्याला हूक लावत होते. सगळे उलट्या बाजूने लागले. बाईने घरी नेऊन पाहिलं आणि परत आणून टाकलं. म्हणाली, "शालूबाई, डोळे गेले का तुमचे?" म्हटलं, व्हय, गेले.

तू जिवंत आहेस, कामाला आहेस, एवढं मला तुझ्या मामाकडून कळायचं. नोकरी कापडाचीच आहे हे आज कळलं. बरं वाटलं. मला बरं वाटलेलं तुला चालणार नाही, तरी लिहिते.

आता कामाचं. कापड मांजरपाट, दोनदा धुऊन आटवलेला. आंब्याच्या पानासारखे दोन तुकडे कापायचे. साधा कापूस भरायचा नाही, तो घामाने गोळा होतो. सावरीच्या झाडाचा भरायचा. तो हलका असतो, दाबला तरी परत उभा राहतो. आत तीन आडवे पडदे शिवायचे, नाहीतर सगळा कापूस उतरून कोपरात बसतो. छावणीतल्या मडमेला इथे पिसं कुठून मिळणार? तिच्याही शिंप्याने सावरच भरली असणार, मी पैज लावते.

सावरीला आत्ता फुलं आहेत. बोंडं एप्रिलअखेर फुटतील. तोवर थांबलीस तर मीच जोडी शिवून पाठवते. पत्रातून शिवण शिकता येत नाही.

तू अकरा वर्षं म्हणून मोजून लिहिलंस, म्हणून मीही एक लिहिते. जन्मताना तुझा डावा हात ओढला गेला आणि दंड काडीसारखा राहिला. त्यात तुझा दोष नव्हता, माझाही नव्हता. पण पोरगी मोठी व्हायला लागली की लोकांचे डोळे कुठे जातात, हे शिवणयंत्रावर बसणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला, म्हणून मी गिरदी शिवली.

जुनी तुझ्याजवळ असली तर ती उसवू नको. तिच्यावरून माप घेऊ नको. मी नवी पाठवते.

तुझी आई


पुणे, २ एप्रिल

आई,

झालं, 'तुम्ही' काढलं. बोंडं फुटेपर्यंत थांबते.

जुनी आहे माझ्याजवळ. पेटीच्या तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळून. मांडवातून तेवढी एकच वस्तू मी सोबत घेतली. तुला आठवत नसेल तर आठवण करून देते. हार घालायला मी हात वर केले आणि घामाने भिजलेली फीत तुटली. गिरदी बाहीतून सुटून बोहल्यावर पडली. जिवनबाईंनी, म्हणजे जी माझी सासू व्हायची होती तिने, ती उचलून चारशे माणसांना दाखवली. "बघा, कापसाची पोरगी देऊन राहिले आमाला." लोक हसले. काहींनी मोबाईल वर धरले. आणि शिवशंकर माझ्यासमोर हार हातात घेऊन उभा होता. त्याने आईकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. एक शब्द बोलला नाही. स्वतःच्या पायांकडे बघत राहिला.

कॉलेजात मी त्याला तीन वर्षं बघत होते. स्थळ त्यांच्याकडूनच आलं तेव्हा मला वाटलं होतं, जगात मला बघणारं एक माणूस आहे. जिवनबाईंचं मला काही वाटत नाही, बाई तशीच होती. पण तो गप्प बसला, ते मी अजून गिळू शकलेले नाही. मी जिवनबाईंच्या हातातून गिरदी घेतली आणि खाली उतरले. आठव्या दिवशी पुण्याची गाडी धरली.

जुनी काहून उसवू नको? तुझे टाके मी इथल्या लोकांना दाखवीन आणि तुझी अब्रू जाईल, अशी भीती वाटते का? अब्रू तेव्हाच गेली. काळजी करू नको.

दिपा


आखाडा बाळापूर, ६ मे

चि. दिपास आशीर्वाद.

जोडी पाठवते आहे. सावर आपल्या बाजूला राहिली नाही, रस्ता रुंद करताना झाडं गेली. हिंगोलीला गाडी बदलून कनेरगाव नाक्यापर्यंत गेले. तिथे एका बांधावर मोठं झाड आहे. ओळखीच्या माणसाने काठीने बोंडं पाडून दिली. कशाला पाहिजे म्हणून विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. कापूस तीन दिवस सावलीत वाळवून सरक्या वेचल्या. शिवताना नाकातोंडात जायचा, दिवसभर शिंका. शेजारीण म्हणाली, "शालूबाई, म्हातारपणी गाद्या भरून राहिल्या का?"

मांडवातलं मला आठवतं. मी त्याच मांडवात होते, दिपा.

तुझा राग अजून ताजा आहे. एका परीने बरं आहे. रागाच्या आधाराने माणूस उभं राहतं. पण तो पोरगा वाईट नव्हता, एवढंच लिहिते. त्याच्यावर यापुढे जास्त लिहवत नाही. तो आता बायकोमुलांचा धनी आहे.

पुन्हा सांगते, जुनी उसवू नको. शिवलेली वस्तू आहे, शिवलेलीच राहू दे.

तुझी आई


पुणे, २४ मे

आई,

गिरद्या पोहोचल्या. बाहेरून आलेलं काहीही आमच्याकडे आठवडाभर बर्फाच्या पेटीत ठेवतात, किडे मरावेत म्हणून. मग झग्यात घातल्या. उजवी अशी बसली की सगळे जण काम सोडून बघायला आले. एवढी वर्षं लोंबलेलं रेशीम उभं राहिलं, आणि तिथे कुणीतरी बाई उभी आहे असं वाटायला लागलं.

डावी बसली नाही. ती मागे कलते. तू दोन्ही एकाच मापाने कापल्यास, कापड दुमडून, उजव्या दंडावरून. खांद्याशी फीत कोणत्या कोनात लावायची ते डाव्या बाजूला वेगळं असतं. माझ्या जुन्या गिरदीला ते बरोबर होतं. म्हणून काल मी ती उसवली.

तीन पडद्यांतल्या मधल्या पडद्याआड हळकुंड निघालं. पाच तांदूळ होते, त्यांचं पीठ झालं होतं. आणि चार घड्या घातलेला वहीचा कागद. त्यावर जे आहे ते उतरवून पाठवते.

"दिपा, तुझ्या हाताचं मला पहिल्यापासून माहीत आहे. औंढ्याच्या सहलीत तुझी गिरदी भिजली होती. तळ्याच्या पायरीवर ती वाळत ठेवून तू बसली होतीस, तेव्हा मी पाहिलं आणि मागे फिरलो. मला त्याचं काही नाही. मांडवात ती घालून येऊ नको. न घालता आलीस तर मी तिथंच सगळ्यांना सांगेन, की मला ठाऊक होतं. घालून आलीस तर तुला ते झाकूनच ठेवायचं आहे असं समजेन, आणि जन्मभर कुणापुढे तोंड उघडणार नाही. शिवशंकर."

आई, हे काय आहे?

दिपा


आखाडा बाळापूर, ३१ मे

दिपा,

आशीर्वाद लिहायचा मला अधिकार राहिला नाही, म्हणून लिहीत नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला. बहिणीचं पोलकं सैल करायचं म्हणून पिशवी पुढे केली आणि तिच्याखालून चिठ्ठी. म्हणाला, "मावशी, येवढी दिपाला द्या. तुमी वाचली तरी चालंल." मी वाचली. वाचून मला आनंद झाला नाही, भीती वाटली. आनंद व्हायला पाहिजे होता, हे मला आता कळतं. तेव्हा वाटलं, पोरं लग्नाआधी असंच बोलतात. जिवनबाईच्या पुढे याचं काय चालणार? तू उघड्या दंडाने मांडवात गेलीस आणि हा ऐन वेळी गप्प बसला, तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा अक्षता पडू देत, मग काय ते होईल.

आपल्या घरात नवरीच्या कपड्यात आई हळकुंड आणि पाच अक्षता शिवते, हे तुला माहीत आहे. माझ्या आईने माझ्या पदरात शिवल्या होत्या. मी तुझ्या गिरदीत शिवल्या आणि त्यांच्यासोबत ती चिठ्ठी ठेवली. शकुन म्हणून. लग्नानंतर मांडव परतायला तू माहेरी आलीस की गिरदी उसवून तुला दाखवायची, बघ, तुझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, असं मी ठरवलं होतं. तुझा चेहरा कसा होईल ते मी टाके घालताना बघत होते.

तू गिरदी घालून गेलीस. मीच ती तुला बांधली. त्याने शब्द पाळला.

अजून एक आहे. ते लिहिलं नाही तर हे सगळं खोटं होईल. महिन्याने तो पुन्हा दुकानात आला. तू गेली होतीस. उभ्या उभ्याच विचारलं, "मावशी, चिठ्ठी दिली व्हती का तिला?"

मला त्याचा इतका संताप होता. चारशे माणसांत माझी पोरगी एकटी खाली उतरली आणि हा दगडासारखा उभा राहिला. मी म्हटलं, "दिली व्हती."

"मंग घालून काहून आली?"

"तिची मर्जी," मी म्हटलं.

त्याने पाणी मागितलं. प्यायला, तांब्या पालथा घातला आणि गेला. तीन वर्षं लग्नाला उभा राहिला नाही. मला वाटायचं, आज जाऊन सांगू, उद्या सांगू. मग त्याची पत्रिका आली. बैल गेला आणि झोपा केला, असं नको म्हणून गप्प बसले. कनेरगावच्या बांधावरचं झाड त्याचं आहे. बोंडं त्यानेच पाडून दिली. मी सांगायचं ठरवूनच गेले होते. तोंड उघडलं नाही माझं. कापूस घेऊन परत आले.

शालू


आखाडा बाळापूर, २५ जून

दिपा,

पत्र नाही. पोस्टमन दुकानावरून जाताना आता दुसरीकडे बघतो. शिव्या देऊन का होईना, एक कार्ड टाक.

आई


पुणे, २० जुलै

माय,

शिव्या लिहायला चार वेळा बसले. एकही जमली नाही.

मी तुला माफ केलेलं नाही. करेन की नाही ते सांगता येत नाही. तू खोटं बोललीस याच्यापेक्षा मला दुसरंच खुपतं आहे. त्या दिवशी ती चिठ्ठी माझ्या दंडाला लागून होती. सकाळपासून, कातडीला चिकटून. हार घालायला हात वर केला तेव्हाही होती. आणि नऊ वर्षं माझ्या खोलीत होती. ज्या माणसाचा राग करून मी उभी राहिले त्याचा काही अपराधच नव्हता. तू लिहिलंस, रागाच्या आधाराने माणूस उभं राहतं. तो आधार गेला. महिनाभर मला उठवत नव्हतं. त्याला काय वाटलं असेल, ते तर मनात आणवत नाही. त्याच्या लेखी मी चिठ्ठी वाचली आणि तरी गिरदी घालून आले.

त्याला काही सांगू नको. नऊ वर्षांपूर्वी सांगायचं ते आता सांगून तुझं ओझं उतरेल आणि त्याच्या घरात जाऊन पडेल. त्याच्या बायकोने कुणाचं काही घेतलेलं नाही. हे माझ्याकडेच राहू दे.

झग्याची डावी बाही बसली. जुन्या गिरदीवरून फितीचा कोन घेतला. उद्घाटन १६ ऑगस्टला आहे.

आता एक काम सांगते. तू अकरा वर्षं माझे कपडे शिवलेस. दर वेळी माप घेतलंस ते उजव्या हाताचं. शिंप्याची रीतच आहे ती, मला कळतं. एक हात मोजायचा, कापड दुमडायचं, दोन्ही बाह्या एकदम कापायच्या. पण तुझ्या वहीत माझा डावा हात कधीच नव्हता, माय. पुण्यात मी कुठल्याच शिंप्याकडे गेले नाही. ढगळ कुर्त्यांवर नऊ वर्षं काढली.

त्या दिवशी घालायला मला पोलकं शिवून पाठव. आखूड बाह्यांचं. उजवा दंड साडेदहा इंच. डावा पावणेसात. मापाच्या फितीचं एक टोक दातात धरून मी स्वतः मोजला, दोनदा. आत काही भरू नको.

दिपा


आखाडा बाळापूर, ६ ऑगस्ट

चि. दिपास. आशीर्वाद लिहू का? लिहिते. अनेक आशीर्वाद.

पोलकं सोबत आहे. हिरवा खण आहे, तुला आवडायचा तो. वेळेत पोहोचेल.

मागच्या मंगळवारी शिवशंकर दुकानात आला होता. हळद घेऊन बाजाराला आला, सोबत पोरगी. पाच वर्षांची आहे, बोलायला तिखट. तिला फुग्याच्या बाह्यांचा फ्रॉक पाहिजे. टीव्हीत पाहिला म्हणे. मी फीत घेतली. उजवा हात मोजला, लिहिला. मग डावा मोजला.

तो म्हणाला, "दोन काहून मोजून राहिल्या, मावशी?"

म्हटलं, "आता दोन्ही मोजते."

पोरगी दुकानातल्या चिंध्या गोळा करत होती. जरा वेळाने त्याने विचारलं, "दिपा बरी हाय का?"

दिपा, तोंडावर आलं होतं माझ्या. सगळं, एका दमात. तुझं पत्र यंत्राच्या खणात होतं. मी खणावर हात ठेवला आणि म्हटलं, "व्हय. बरी हाय."

"बराबर," तो म्हणाला. पोरीला उचलून घेतलं. जाताना वळून म्हणाला, पुढच्या साली सावर पाहिजे असंल तर कळवा.

मग मी तुझं पोलकं कापायला घेतलं. बाहीचं कापड टेबलावर टाकलं आणि चाळीस वर्षांच्या सवयीने दुमडलं. खडू लावला. कात्री घातली नाही. परत उलगडलं, खुणा झटकल्या. उजवी बाही एकटी कापली, मग डावी एकटी कापली. शिंप्याला ते फार चमत्कारिक वाटतं, एका पोलक्यासाठी दोन वेळा कात्री चालवायची. वहीत तुझं जुनं पान काढून उजव्याच्या खाली पावणेसात लिहिलं.

शिवण्याआधी ती डावी बाही मी टेबलावर पसरून ठेवली आणि किती तरी वेळ बघत बसले. एवढीशीच आहे गं. एवढंच होतं झाकायला.

तुझी माय